एका बांबूच्या दोन काठ्या

शेतं मोजणं हे माझं काम. मी महामाया, सरकारी मोजणीदार, नोकरीला अठरा वर्षं झाली. जे मोजता येत नाही त्यावर मी बोलत नाही. या स्वभावापायी घरात मला कोणी स्वप्नसुद्धा सांगत नाही, कारण मी लगेच विचारते, किती वाजता पडलं? म्हणून पुढचं सगळं पंचनाम्यासारखं सांगते. कुठं, कधी, काय पाहिलं, एवढंच. अर्थ तुम्ही लावा, मला विचारू नका.

मोजणीला जाताना माझ्यासोबत दोन दांडे असतात. एक रोव्हरचा, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राचा, तो सरकारचा. दुसरी काठी, ती माझी. ऑफिसातले हसतात. म्हणतात, म्याडम, उपग्रहावरून मोजणी चालते आता, काठी कशाला? मी म्हणते, उपग्रहाला कुत्री चावत नाहीत.

ती काठी मला कय्यूमचाचांनी दिली. माझं माहेर सुलतानपूर. तिथं बसस्टँडच्या मागं चाचांचं शिड्यांचं दुकान होतं. गिलाव्यावाल्यांच्या शिड्या, चिंचा झोडायच्या शिड्या, सगळ्या बांबूच्या. दुकानामागं मुरूम टाकून चोपलेलं अंगण, आणि संध्याकाळी तिथं काठी शिकायला येणारी पंधरा-वीस पोरं. मी अकरावीत होते. जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजात मिरवणुकीत मुली तलवारी फिरवत चालायच्या, ते पाहून माझं डोकं फिरलं होतं. मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, मले तलवार शिकवा."

चाचांनी वर पाहिलंसुद्धा नाही. शिडीची पायरी ठोकत म्हणाले, "तलवार पाह्यजे? अन् काठी कोन शिकन, तुहा बाप?"

झालं. तलवार राहिली बाजूला आणि काठी हातात आली.

चाचांच्या अंगणाचे दोन रिवाज होते, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पहिला असा. काठी विकत आणायची नाही. चाचा स्वतः जळगाव जामोदला जायचे, सातपुड्याच्या पायथ्याचा भरीव बांबू आणायचे आणि एका बांबूच्या दोन काठ्या करायचे. वरचा तुकडा, म्हणजे शेंडा, शिकणाऱ्याच्या कानापर्यंत मोजून कापायचा आणि त्याला द्यायचा. खालचा बुडखा तेवढ्याच लांबीचा कापून चाचा आपल्या घरी खुंट्यांवर आडवा ठेवायचे. दोन्हींना जवसाचं तेल पाजायचे आणि दोन्हींवर एक खूण डागायचे, काठी धरली की ती समोर यायला हवी. मी विचारलं होतं, काऊन? ते म्हणाले, "शेंडा वार झेलते, बुडखा दुखणं झेलते."

दुसरा रिवाज एका शब्दाचा. उस्तादाला शुक्रिया म्हणायचं नाही. धन्यवाद नाही, आभारी आहे नाही, काहीच नाही. ज्या दिवशी शुक्रिया म्हटलं, त्या दिवशी शिकणं संपलं. मग उस्ताद बुडखा खुंटीवरून काढणार, जमिनीवर ठेवणार, आणि म्हणणार, जा, आता तुझे वार तुझे. बाकीची पोरं दोन-चार वर्षांनी शुक्रिया म्हणून गेली. कोणी पुण्याला गेलं, कोणी फौजेत. मी म्हटलंच नाही. नोकरी लागली, लग्न झालं, तरी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, अंगणात चार हात करायचे, चहा प्यायचे आणि भांडायचे.

भांडण कायम एकच. काठी मोठी का तलवार मोठी?

मी तलवारीच्या बाजूनं. मनातली मिरवणूक काही केल्या जात नव्हती. एकदा तर मी कागदावर हिशेब मांडून नेला. वजन किती, टोकाचा वेग किती, धारेवर जोर किती एकवटतो. "पाहा चाचा," म्हटलं, "काठी समोरचा माणूस धरू शकते. तलवार कोन धरन? काठी मारली तर टेंगूळ येते, तलवार मारली तर खेळ खलास. अन् तलवार काठी कापू शकते, काठी तलवार कापत नाही."

चाचांनी कागद उलटा धरून पाहिला, मुद्दाम. "लय भारी लिव्हलं. मंग आता आयक. तलवारीले मूठ असते. कुठं धराची हे तिनंच ठरोलं. एकीकून धार, एकीकून पाठ. काठीले मूठ नाही, तोंड नाही, पाठ नाही. दोन हात दूर उभं राहून तू त्याच्या मनगटावर मारू शकतं. तलवारीशी लढाचंच नाही माया, मनगटाशी लढाचं. अन् धारीसमोर काठी सरळ धरशीन तं कापल्या जाईन. तिरपी धर. वार घसरून जाते."

"तरी तलवारच मोठी," मी म्हटलं.

"बरं बाप्पा, तलवार मोठी." चाचा हसले. "पन एक सांग. दोन मानसं भांडून राह्यले, तं मधात काय टाकता येते? तलवार मधात टाकशीन तं तिसरं मानूस मरन. काठी मधात येते. आडवी होते. तिचं कामच ते हाय."

मी म्हटलं, हे काही उत्तर नाही. ते म्हणाले, "येळ येईन तवा सांगजो."

ही आमची शेवटची भेट. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये, दुपारी, शिडीला पायरी ठोकता ठोकता चाचा खाली बसले ते उठलेच नाहीत. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत माती झाली होती. त्यांची मुलगी सलीमा माझ्याच वयाची, लहानपणची मैत्रीण. तिच्या गळ्यात पडून रडले. भिंतीवर खुंट्यांवर एकच बुडखा उरला होता, माझा. त्याच्याकडं पाहून शुक्रिया ओठापर्यंत आलं होतं. नाही म्हटलं. आता कुणाला म्हणायचं, असं वाटलं.

यानंतरच्या गोष्टी मी तेव्हा गोष्टी म्हणून पाहिल्याच नाहीत.

माझ्या काठीवर जुने अकरा ओरखडे आहेत. प्रत्येक मला पाठ आहे, कुठल्या पोराच्या वाराचा तेही. चाचा गेल्यावर तीनेक महिन्यांनी किनगावकडच्या एका वस्तीवर कुत्र्यानं माझी काठी जबड्यात धरली आणि चांगली हिसडली. घरी येऊन पाहिलं, तर दाताचा एक व्रण नाही. म्हटलं, वा, जवसाचं तेल! पुढच्या हिवाळ्यात एकजण बांधावर विळा घेऊन अंगावर आला, तो विळा काठीवर खाडकन बसला. खूण नाही. म्हटलं, बांबू मुरलाय. शहाण्या माणसाला कारणं लवकर सापडतात.

मग मागच्या बुधवारचं.

दुसरबीडच्या शिवारात दोन भावांची मोजणी होती. मोठा इंद्रभान, धाकटा भागवत. बांध कोणी सरकवला यावरून दहा वर्षं बोलणं बंद. अर्ज भागवतचा. हा भागवत इतका गोड माणूस की काही सांगू नका. सकाळी चहा, वर पाण्याचा जार, माझ्यासाठी सावलीत खुर्ची. हद्दीचा दगड बाभळीच्या झुडपात दडला होता, म्हणून कुऱ्हाड घेऊन स्वतः झुडूप तोडत होता. मी जरा काही म्हटलं की म्हणायचा, "काही काळजी करू नका म्याडम, मी हाय ना मांगं."

हरभरा निघून गेला होता. रान मोकळं, पायाखाली खोडक्या टोचणाऱ्या, फाल्गुनातलं ऊन. सोबत म्हातारा कोतवाल जानराव, निशाण धरून लांब उभा. साडेबारा वाजले असतील. मी रोव्हरवर नोंद घेत होते, काठी बाजूला टेकवलेली.

इंद्रभान तुराट्यांच्या ढिगामागून आला. हातात लाल फडकं गुंडाळलेलं काहीतरी. चालता चालता त्यानं फडकं सोडलं. दसऱ्याला देवापुढं पुजतात ती घरातली तलवार. पात्यावर शेंदराची बोटं होती अजून.

तो बोलत नव्हता. बोलणारा, शिव्या देणारा माणूस मला चालतो. न बोलणाऱ्याची भीती वाटते.

जानरावनं ते पाहिलं, निशाण टाकलं आणि माणसं आणायला रोडकडं पळत सुटला.

"म्याडम, बाजूले व्हा," इंद्रभान म्हणाला. "तुमच्याशी माहं काही नाही. त्याच्याशी हाय."

भागवत माझ्या पाठीमागं सरकला.

आता खरं सांगते, मी काही शूर बाई नाही. बाजूला व्हावं असंच मनात आलं होतं. पण हात काठीकडं गेला आणि मी दोघांच्या मधात उभी राहिले. विचार करून नाही. आडवी झाले, बस.

पहिला वार आला. काठी तिरपी होती. पातं घसरत गेलं आणि दोन्ही तळहातांत झिणझिण्या आल्या.

दुसरा. तिसरा. मला आवाज ऐकू येत होता, लाकूड चिरल्याचा. म्हटलं, गेली काठी.

चौथा वार काठीत रुतला. चाचा सांगायचे, रुतली की सोडू नको, फिरव. मी फिरवली. पातं निसटलं, इंद्रभानचा तोल गेला आणि माझं दुसरं टोक त्याच्या मनगटावर बसलं.

तलवार सरीत पडली.

तो माणूस तिथंच मटकन बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. डोकं गुडघ्यात. मी पायानं तलवार लांब ढकलली. चष्मा कुठंतरी उडाला होता, आणि चष्म्याशिवाय मला हाताची बोटं दिसत नाहीत. काठी मानेमागं खांद्यांवर आडवी टाकली, थकल्यावर टाकते तशी, सवयीनं खूण पुढं ठेवून, आणि वाकून चष्मा शोधायला लागले.

तेवढ्यात खांद्यावर काठी एकदम दबली. धप्प झालं. मी गुडघ्यांवर पडले.

"अहो म्याडम! ठेचकाळल्या काय?" भागवतनं दंडाला धरून मला उठवलं. "मी हाय ना मांगं." चष्माही त्यानंच शोधून दिला.

चष्मा घातला, तर त्याच्या हातात कुऱ्हाडीचा अर्धा दांडा. पातं जमिनीवर.

"बाभळीत बसली, दांडाच तुटला," तो म्हणाला.

मला हसू आलं. मरता मरता वाचलं की माणूस कशालाही हसतं. "बाभळीचाच नवा दांडा बसवा," मी म्हटलं, "चिवट असतो."

मग जानराव माणसं घेऊन आला, पोलीस आले, जबाब झाला. संध्याकाळी घरी मी काठी पुसायला घेतली. बोटं फिरवली, मग चष्मा पुसून पाहिलं, मग बॅटरी लावून पाहिलं. जुने अकरा ओरखडे. बारावा नाही. ज्या काठीत तलवार रुतली होती, ती काठी कोरी होती.

त्या रात्री मला झोप छान लागली, हेही नोंदवते. घाबरले नव्हते. चाचांची फार आठवण आली. वाटलं, चाचा, तुम्ही त्या दिवशी मला तलवार दिली असती तर आज एक तर मी मेले असते, नाही तर इंद्रभान. काठी मोठी. हरले मी. हे सांगायला शुक्रवारी रजा टाकली, मेहकरच्या दुकानातून पेढे घेतले आणि सुलतानपूरला गेले.

सलीमानं दार उघडलं. पेढ्याचा पुडा पाहिला, काठी पाहिली, आणि हसली नाही.

"बुधवारी दुपारी काय झालं व्हतं तुले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुले कोनी सांगतलं?"

"कोनी नाही. आत ये."

तिनं पाणी दिलं. मी प्यायले. खुंट्या माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होत्या, मी अजून वळले नव्हते.

"आधी मले वाटलं बुडख्याले भुंगा लागला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाले, त्याच्यावर बारीक बारीक खुना येऊन राह्यल्या. मंग वाटलं उंदीर हाय, दाताच्या खुना व्हत्या. तुले फोन करनार व्हती. म्हटलं तू हसशीन, म्हनशीन किती वाजता दिसल्या."

"अन् बुधवारी?"

"मी मशीनवर शिवत व्हती. दुपारच्या जोहरची बांग व्हायची व्हती. खट् झालं. पुन्हा खट्. चारदा. भिंतीची माती पडली." तिनं माझा रिकामा गिलास उचलला. "मंग गिलासभर पानी पिऊन व्हईन तेवढा येळ काहीच नाही. अन् मंग एक मोठा."

मी वळले.

बुडखा खुंट्यांवर होता. सलीमानं तो काढून माझ्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. माझ्याच मापाचा, माझ्या कानाइतका. एका जागी कुत्र्याच्या दातांची ओळ. त्याच्या खाली विळ्याचा वाकडा चिरा. मधल्या भागात तीन बारीक, तिरप्या, लांब चिरा, आणि चौथी खोल, आत पातं फिरवल्यानं उकललेली. चिरांमधून तेल पाझरत होतं, ताजं. जवसाचा वास येत होता.

माझे डोळे भरून आले. काय माणूस हो! मेल्यावरसुद्धा दुखणं स्वतःकडं ठेवून घेतलं.

"पाचवा पाह्य," सलीमा म्हणाली.

पाचवा वार काठी जिथं मानेमागं टेकते, तिथं होता. ती चीर नव्हती. पाचरीसारखी खाच होती, रुंद, तळाशी निमुळती, कुऱ्हाडीची असते तशी. आरपार जायला बोटभर राहिली होती. आणि चाचांनी समोरच्या बाजूला डागलेली ती खूण मी पाहिली. खाच खुणेच्या उलट बाजूला होती.

मागून आला होता वार.

मी खाचेत बोट घालून खोली मोजली.

"कोन व्हतं मांगं?" सलीमानं विचारलं.

मी सांगितलं.

"पन त्याले तं तू वाचोलं!"

"हाव." मी बुडखा तिच्याकडं फिरवला. "मी मेली असती तं नाव कोनाचं झालं असतं? तलवार तं इंद्रभाननं आनली व्हती. तो जन्मभर आत, अन् शेत सगळं याचं."

"पोलिसात सांग."

"काय सांगू? साक्षीदार कोन? हा बांबू?"

फोन वाजला तेव्हा आम्ही दोघीही दचकलो. भागवत. मी स्पीकर लावला.

"म्याडम, हात कसा हाय? आराम करा बरं. मंगळवारी हद्दीच्या खुना दाखवाले येऊन राह्यल्या ना? दादाले जामीन भेटला, पन घाबरू नका. अन् हो, तुम्ही म्हटलं तसाच केला. कुऱ्हाडीले बाभळीचा दांडा बसोला. मी हाय ना मांगं."

मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

"जाऊ नको," सलीमा म्हणाली.

"मी नाही गेली तं दुसरा मोजणीदार जाईन. मंग भागवत त्याच्या मांगं उभा राहीन." पोलीस बंदोबस्त मी कालच मागितला होता, पण तो इंद्रभानवर नजर ठेवायला.

सलीमानं बुडख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती चाचांची मुलगी, रिवाज तिला माहीत. "मंग आज काही बोलू नको माया," ती हळूच म्हणाली. "तो शब्द बोलू नको. मंगळवार व्हऊ दे."

तिनं बुडखा परत खुंट्यांवर ठेवला.

बोटभर बांबू उरला होता. आणखी एक वार घेतला असता त्यानं, माझ्यासाठी. घेतलाच असता, चाचांचा स्वभावच तो. आणि दोन तुकडे झाले असते. मला त्यांचं ठोकता ठोकता खाली बसणं आठवलं. किती वर्षं खुंटीवर ठेवायचं कुणाला?

मी चपला काढल्या. भिंतीसमोर उभी राहिले, काठीचं टोक जमिनीला टेकवलं आणि कपाळाला लावलं, सलामीला लावतात तसं.

"चाचा, काठी मोठी," मी म्हटलं. "शुक्रिया."

सलीमानं तोंडावर पदर धरला.

काही झालं नाही. बाहेर एसटी गेली. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी डोळे पुसून पाहिलं, तेव्हा खुंट्या रिकाम्या होत्या. बुडखा भिंतीच्या पायथ्याशी जमिनीवर होता, भिंतीला समांतर, कुणी वाकून दोन्ही हातांनी ठेवावा तसा. पडल्याचा आवाज आम्ही दोघींनीही ऐकला नाही.

खूप हलकं वाटलं मला. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. आम्ही दोघी बसून पेढे खाल्ले, चाचांच्या आठवणी काढून हसलो, रडलो. निघताना सलीमा दारापर्यंत आली. मी काठी खांद्यावर टाकली आणि बाहेर पडताना ती चौकटीच्या बिजागरीला नुसती घासली.

गाडीजवळ येऊन पाहिलं. काठीच्या वरच्या टोकापासून वीतभर खाली एक पांढरी रेघ उमटली होती. बारावी.

मंगळवारला चार दिवस आहेत.